वरची बांधी, खालची बांधी

सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर चहा प्यायला उभा राहिलो की अजूनही कोणी ना कोणी हटकतो. "का जी साहेब, गवताले शेणखात बरं का युरिया बरा?" मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काखेतली पिशवी आणि इस्त्रीची पँट बघून लोकांना मी नोकरीतलाच वाटतो. मी उलट विचारतो, "तुमच्या बांधीले पानी कुठून येते?" विचारणारा बुचकळ्यात पडतो. खताचं विचारलं तर हा पाण्याचं विचारून राहिला, म्हातारा कामातून गेला, असा चेहरा करून तो कप ठेवतो आणि आपल्या गाडीकडे निघून जातो.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही गमतीचं लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की गमती बाजूला राहतात आणि केशोरीच्या बाजूच्या एका गावातल्या दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन खाचरंच, डोळ्यांपुढे येतात. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. चूक ज्याची होती त्याचं नाव मात्र लेखाच्या वर छापलेलं आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे गावठी भाषेत ढोरांचा डॉक्टर, आणि सरकारी भाषेत डॉक्टर नसलेला माणूस. खरे डॉक्टर वेगळे. ते पदवीवाले, तीन-तीन दवाखाने सांभाळणारे, आणि म्हणून बहुधा चौथ्याच ठिकाणी सापडणारे. लस टोचणं, गाई कृत्रिम रेतनानं भरवणं, जखमा धुणं ही आमची कामं. त्यात मी जातीचा काळजीखोर. लस टोचून घरी आलो आणि ताटावर बसलो की आठवायचं, थर्मासमध्ये बर्फ पुरेसा होता का? त्या काळ्या गोऱ्ह्याला सुई नीट लागली होती का? बायको म्हणायची, "गोऱ्हा जेवला असंल, तुमी बी जेवा."

या सगळ्यावर कडी म्हणजे वैरण विकासाच्या योजना. आमचा भाग धानाचा. ढोरांच्या नशिबी वर्षभर धानाची तणस, म्हणजे पेंढा. तणस म्हणजे पोट भरतं, अंगी लागत नाही. म्हणून खात्यानं ठरवलं, शेतकऱ्यांनी हिरवं गवत लावायचं. सालेकशाकडे असताना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक म्हातारा हसून हसून खाली बसला. "जंगल भरून गवत आहे, अन सरकार मले गवत लावाले सांगून राहिलं! उद्या मोहाची झाडं लावाले सांगसान." त्याला मी काय सांगणार? जंगलातलं गवत दिवाळीनंतर काडी होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण काडी खाऊन गाय पावशेर दूध देते आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

केशोरीच्या बाजूला बदली झाली तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. दुधाची गाडी गावागावात येऊ लागली होती, त्यामुळे गवताचं कोणी हसण्यावारी नेत नव्हतं. त्यात खात्याचं पत्र आलं. एकाच गावात संकरित हत्तीगवताचे दोन तुकडे लावा, एकाला नुसतं शेणखत, दुसऱ्याला नुसतं रासायनिक खत, आणि कापणीगणिक वजनं घेऊन कळवा. मला हे काम मनापासून आवडलं. इथे कोणाचा जीव टांगणीला नव्हता, सुई नव्हती, बर्फ नव्हता. नुसतं गवत वाढायचं आणि मी तोलायचं. काळजी करण्यासारखं यात काही नाही, असं मला वाटलं होतं.

जागा दिली सोमाजी लंज्यांनी. लंजे कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीचे. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि ही गोष्ट ते पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगत. शेतीतला शहाणा माणूस, पण हार सहन न होणारा. तलावाखाली त्यांच्या उताराच्या दोन बांध्या होत्या, एकीला लागून एक, मध्ये धुरा म्हणजे बांध. हत्तीगवताच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही, म्हणून मी मुद्दाम उताराची जागा निवडली. वरच्या बांधीत लंजे स्वतः युरिया टाकून गवत घेणार होते. खालची बांधी त्यांनी सुमनबाईला वापरायला दिली होती. बदल्यात ती त्यांच्या धानाला शेणखत द्यायची.

सुमनबाई पन्नाशीची, बारीक, बोलायला रोखठोक. नवरा नागपूरला गवंडीकामावर. स्वतःची जमीन नाही. तरी तिच्याकडे दोन संकरित गाई होत्या, एक कबरी दुधावर आणि एक तांबडी, जी पुढे पावसाळ्यात सात महिन्यांची गाभण होती. बिनजमिनीची बाई गाई कशी पाळते, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्याकडे धुऱ्यावरचं गवत ज्याचं त्याचं नसतं. विचारून कोणीही कापू शकतं. सकाळी विळा घेऊन निघायचं, शेतमालकाला हाक मारायची, "कापू का जी?", तो म्हणणार, "काप ना." एवढीच रीत. सुमनबाईच्या गाई त्या "काप ना"वर जगत होत्या. पण धुऱ्याचं गवत दोन गाईंना पुरेना, म्हणून तिनं खालच्या बांधीवर जीव टाकला. पाट्या पाट्या शेणखत तिनं डोक्यावर वाहून नेलं.

खताचं थोडं सांगायला हवं. गवत नत्र खाऊन वाढतं. युरियातलं नत्र दोन दिवसांत गवताच्या तोंडाशी येतं. शेणखतातलं कुजत कुजत, रोज थोडं थोडं मिळतं. शिवाय शेणखतानं जमीन भुसभुशीत होते, ओल धरते, आणि ते काम युरिया करत नाही. म्हणून पहिल्या कापणीला युरिया जिंकणार आणि पुढे शेणखत हळूहळू गाठणार, असं पुस्तकात लिहिलेलं होतं.

अगदी तसंच झालं. उन्हाळ्यातल्या पहिल्या कापणीला वरची बांधी काळीभोर हिरवी, माणसाच्या छातीइतकी. खालची पिवळट, कमरेला. लंजे मिशीत हसले. त्यांनी कापणीनंतर पुन्हा युरिया टाकला, तलावाचं पाणी दिलं. दुसऱ्या कापणीला मात्र खालची बांधी वरच्या बांधीच्या बरोबरीला आली. मी वजन दोनदा केलं. सुमनबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि लंज्यांचा चेहरा पडला होता. "शेणखताचा परिणाम दुसऱ्या कापणीपासून ठळकपणे दिसून येतो," असं मी अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वर पाठवून दिलं. वरून निरोप आला की साहेब स्वतः बघायला येणार आहेत. मी खूश झालो. पुस्तकात होतं तेच शेतात दिसलं, मग अजून काय बघायचं?

त्या वर्षी रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपले आणि पाऊस दडी मारून बसला. एक आठवडा, दोन आठवडे. बांध्यांना भेगा पडू लागल्या. तलावाचं उरलेलं पाणी पाळीपाळीनं धानाला सुटू लागलं. गवताला कोण विचारतो? लंज्यांनी सुरुवातीच्या एका पाळीत गवत भिजवून घेतलं, तेवढंच. मग तेही बंद. वर ऊन असं की दुपारी हत्तीगवताची पानं सुरळी होऊन लोंबत. आणि मला काळजीनं घेरलं.

कारण सांगतो. गवतानं मुळातून ओढलेलं नत्र उन्हापाण्याच्या जोरावर पचून त्याचं सत्त्व होतं. पाणी तुटलं की ते पचत नाही, कच्चंच देठात साठतं. त्याला नायट्रेट म्हणतात. असं गवत गाईनं पोटभर खाल्लं की तिचं रक्त हवा धरेनासं होतं. श्वास चालू असतो, पण गाय आतून गुदमरते. जितका युरिया जास्त, तितका धोका जास्त. प्रशिक्षणात आम्हाला एक औषध दिलं होतं. देठ चिरून त्यावर थेंब टाकला आणि तो निळा झाला की समजायचं, विष आहे. औषध जहाल तेजाबातलं, बाटली एवढीशी, त्यात बोटभर उरलेलं.

मी बाटली घेऊन गावात गेलो. लंजे, सुमनबाई आणि सात-आठ माणसं वरच्या बांधीवर जमली. देठ चिरला, थेंब टाकला. बघता बघता निळीसारखा निळा. लोक मागे सरकले. मी सांगितलं, "लंजेजी, हे गवत ढोराले टाकू नका. पाऊस पडून आठ-पंधरा दिवस जाऊ द्या."

लंजे उखडले. "मागच्या साली तुमीच सांगलं ना, तणसीवर युरियाचं पानी शिंपडा, ढोरं दणकट होतेत म्हणून? आता युरियाचं गवत जहर कसं झालं जी?"

प्रश्न चोख होता. तणसीवरचा युरिया झाकून मुरवतात, मग उघडा करून वास उडू देतात, त्याचं गणित निराळं. मी समजावलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण निळा थेंब त्यांनी पाहिला होता. "बरं. माहे ढोरं तणस खातीन," ते म्हणाले.

सुमनबाईनं विचारलं, "अन माहं, साहेब?"

खालच्या बांधीचा देठ चिरायला एक मिनिट लागलं असतं. दोन थेंब औषध लागलं असतं. पण बाटली संपत आली होती, दुसरी कधी मिळेल ठाऊक नव्हतं, आणि शेणखताच्या गवतात एवढं नत्र येणार कुठून? सगळ्यांदेखत मी म्हणालो, "तुमचं शेणखाताचं आहे बाई. बिनधास्त टाका."

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, चार शिंतोडे पडले आणि गेले. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोरच्या किराणा दुकानात फोन आला. सुमनबाईच्या गाई पडल्या.

मोटारसायकलवरच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी जगातले सगळे रोग आठवले. साप असेल. फऱ्या असेल. काहीही असो, ते नको. गोठ्यात पोचलो तर कबरी आडवी, पाय ताणलेले, नाकपुड्या फाकलेल्या. तांबडी उभी, पण लटपटत होती. पापणी उलटून पाहिली. लाल दिसायला हवी ती तपकिरी. कानाला बारीक चीर दिली. रक्त आलं ते आटवलेल्या काळ्या चहाच्या रंगाचं.

हे रक्त मी आधी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. गोठ्याच्या दाराशी निम्मं गाव गोळा झालेलं. आणि त्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून गेलं, "बाई, खरं सांगा. वरच्या बांधीतलं गवत कापलं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाई जी. तुमीच सांगलं तसं केलं. काल सांजच्यानं अन आज सकारी, खालचंच टाकलं."

"थोडंसंई नाई?"

"नाई म्हणलं ना."

पुढे विचारायला वेळ नव्हता. यावर एकच औषध, एक निळी पूड. ती दवाखान्याच्या कपाटात, काचेवर रक्त तपासायला ठेवलेल्या बाटलीत होती. पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जायची, तितकीच यायची. तसाच दवाखान्याकडे सुटलो आणि समोरच्या दुकानातून डॉक्टरांना फोन लावला. ते गोंदियाला मीटिंगला. नशीब, सापडले. मी सगळं सांगितलं. शिरेतून देणं माझ्या अधिकारात नव्हतं. त्यांनी सलाईनमध्ये किती पूड, ती कशी गाळायची, किती हळू सोडायची, सगळं दोनदा सांगितलं आणि म्हणाले, "बोरकर, मी पोचेपर्यंत गाय राहणार नाही. द्या. विचारलं कोणी तर मी सांगितलं म्हणा." तो माणूस मी विसरणार नाही.

परत आलो तोवर कबरी गेली होती.

तांबडी बसली होती, मान जमिनीला टेकलेली. लंज्यांनी स्वतः तिची मान धरली. मी मानेची शीर शोधली. पहिली सुई चुकली, दुसरीही. तिसरी बसली. निळं पाणी थेंब थेंब आत जाऊ लागलं. सुमनबाई गाईच्या पोटावर हात ठेवून बसली होती, आतलं वासरू हलतंय का ते बघत. मी बाटलीकडे बघू की गाईच्या छातीकडे, मला कळेना. जास्त भरभर सोडलं तरी मरेल, हळू सोडलं तरी मरेल. अर्ध्याहून जास्त बाटली गेल्यावर मी तिची पापणी उलटून पाहिली. तपकिरीत कुठेतरी गुलाबी होतं. मला भास झाला असेल म्हणून लंज्यांना दाखवलं. "लाल दिसून राहिली जी," ते म्हणाले. दुपारपर्यंत तांबडी उठली आणि तिनं हिरवट-निळं मुतून ठेवलं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मी त्याला समजावलं की हा औषधाचा रंग आहे.

नोकरीतला अभिमानाचा क्षण कोणता, असं विचारलं तर हाच सांगावा लागेल. फक्त तो तेवढ्यावर संपायला हवा होता.

मी निघताना पानठेल्यावर पोरंटोरं बसली होती. त्यांचं बोलणं माझ्या कानावर आलं. "डाक्टरनंच इचारलं ना तिले, वरचं कापलं का म्हणून." "मंग? जहर तं वरच्यातच होतं. खालचं चांगलं आहे म्हणून डाक्टरच सांगून गेला. लंज्याच्या बांधीत विळा घातला बाईनं."

मी जागच्या जागी थांबलो. मग मोटारसायकल वळवली आणि बांध्यांवर गेलो.

वरच्या बांधीची एकही ओळ कापलेली नव्हती. कडेकडेनं पूर्ण फिरलो. कापलेला बुडखा लपत नाही. सगळे बुडखे जुने, वाळलेले. खालच्या बांधीत मात्र ताज्या कापाच्या दोन-तीन ओळी. मी तिथला एक देठ चिरला, बाटलीतला थेंब टाकला. निळा. वरच्यापेक्षाही गडद. दुसरा देठ, तोही निळा.

लंजे मागून येऊन उभे राहिले होते. मी विचारलं, "लंजेजी, खालच्या बांधीत युरिया कोनी टाकला?"

"कोनी नाई."

"मंग हे काय आहे?"

मग मी मधल्या धुऱ्याकडे पाहिलं. धुरा एका जागी फोडलेला होता आणि तिथून खालच्या बांधीत पाण्याची वाळलेली वाट स्पष्ट दिसत होती.

"पानी इथून सोडता?"

"मंग कुठून सोडन?" लंजे चकित झाले. "वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. पानी दुसरीकडून जाते का जी? तलाव बांधला तेव्हापासून तसंच जाते."

"युरिया टाकून मंग पानी सोडता?"

"युरिया टाकल्यावरच पानी द्या लागते. तुमीच सांगलं." मग खाली बघत म्हणाले, "अन या खेपेले डबल टाकला होता. बाईच्या गवतानं बरोबरी केली म्हणून."

मी धुऱ्यावर बसलो. वरच्या बांधीतला युरिया पाण्याबरोबर धुऊन खालच्या बांधीत उतरत होता, पहिल्या कापणीनंतर दर पाळीला. दुसऱ्या कापणीला खालचं गवत वर आलं ते निव्वळ शेणखतानं नव्हे. खालच्या बांधीत शेणखतही होतं आणि वरून आलेला युरियाही. सगळ्यात जास्त नत्र तिथेच होतं. ती मी बिनधास्त टाका म्हणून सांगितलेली बांधी होती.

आणि मी काही पुण्याहून आलेला माणूस नव्हतो. मी याच मातीतला. लहानपणी बापानं मला कितीदा फावडं देऊन पाठवलं होतं, "जा, धुरा फोड, खाली पानी सोड." हजारदा फोडला असेल. प्रयोगाचा नकाशा काढताना मात्र मी कागदावर दोन चौकोन काढले, मध्ये एक रेघ ओढली आणि त्या रेघेतून पाणी जात नाही असं धरून चाललो. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कोणालाच वाटलं नाही. सूर्य कुठून उगवतो हे कोणी कोणाला सांगत नाही.

आता जे लिहायचं आहे ते जड जातं. मी त्या संध्याकाळी गावात जाऊन हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चार दिवस गप्प बसलो. सुमनबाईला तेवढं सांगितलं की ते गवत आता टाकू नका. का टाकू नका, ते सांगितलं नाही. लंज्यांना म्हणालो, साहेबांची भेट होऊ द्या, मग बघू. त्यांनी मान डोलावली. डबल युरियाची गोष्ट झाकली गेली तर त्यांनाही हवंच होतं.

भीती कशाची होती? अहवालाची. येणाऱ्या साहेबांची. माझ्याच योजनेनं गाय मेली असं लोक म्हणतील याची. आणि एक भीती अशी, जी मी कोणाला बोललो नव्हतो. सुमनबाई माझ्याच समाजाची. तिच्या घरी गेलो की आधी "जय भीम" व्हायचं, मग चहा. मी तिची बाजू घेतली की लोक म्हणणार, आपल्या माणसाला वाचवून राहिला. म्हणून मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याला मनात निःपक्षपाती असं नाव दिलं.

चौथ्या दिवशी कळलं की तांबडीनं वासरू टाकलं. मला निरोप नव्हता. दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. मी गेलो. सुमनबाई दाराशी बसली होती. तिनं "जय भीम" म्हटलं नाही. मी गाय तपासली, औषध दिलं. गव्हाणीत मूठभर तणस होती, तीही कोणाकडून तरी मागून आणलेली.

"बाई, धुऱ्याचं गवत नाई आणलं?"

"कोनाच्या धुऱ्याचं आनू?"

"काऊन?"

"हाक मारतो, कापू का जी म्हणून. पयले म्हणत, काप ना. आता कोनी आयकतच नाई. मान खाली घालून रोवण्यातलं गवत उपटतेत. काल हापशीवर एक बाई पोरीले म्हणे, विळा घरात ठेव वो, सुमन येऊन राहिली."

हे ती रडत सांगत नव्हती. मलाच रडू आलं. तांबडी हाडांवर आली होती. आणखी आठ दिवस गवत मिळालं नसतं तर ती गाय विकावी लागली असती आणि गाईबरोबर बाईचं घरही बसलं असतं. एका सकाळी, गडबडीत, मी चार शब्द विचारले होते. तिचं "नाई" कोणाच्या कानात शिरलंच नव्हतं. माझा प्रश्न मात्र सगळ्या गावानं उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंज्यांना म्हणालो, "लोकाईले बांधीवर बोलवा." ते घुटमळले. मी म्हणालो, "तुमच्या डबल युरियाचं मी बोलणार नाई, पायजे तं. पण पान्याचं बोलीन." ते थोडा वेळ मिशी ओढत राहिले आणि मग स्वतः घरोघरी गेले.

वीस-पंचवीस माणसं आली. सुमनबाईही आली, हातात विळा, सगळ्यांपासून जरा बाजूला. मी आधी वरच्या बांधीभोवती सगळ्यांना फिरवलं. "दाखवा, कुठं ताजा काप दिसते?" कोणाला दिसला नाही. मग खालच्या बांधीतला देठ एका पोराला चिरायला लावला. थेंब टाकला. निळा झाला. मग धुऱ्याची फोडलेली जागा दाखवली. पुढे काही सांगावं लागलं नाही. धानाच्या माणसांना पाणी कुठून कुठे जातं हे शिकवावं लागत नाही. एकेकाचा चेहरा उतरत गेला.

मी म्हणालो, "बाईनं खालचंच कापलं. मी बिनधास्त टाका म्हणलं म्हणून टाकलं. गाय माह्या चुकीनं मेली, वासरू बी. बाईले चोर म्हणाले मीच तोंड दिलं."

लंजे खाकरले. मग अनपेक्षितपणे म्हणाले, "युरिया मी डबल टाकलो होतो. बाईच्या गवताच्या जळनीनं." ते बोलले त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. मग ते सुमनबाईकडे वळले. "ये ना बाई धुऱ्यावर. कोनं मना केलं तुले?"

"मना कोनीच नाई केलं," ती म्हणाली. "ये बी कोनी नाई म्हणलं."

एक-दोघांनी पुटपुटल्यासारखं "काप ना, काप ना" म्हटलं. ती त्यांच्याकडे न बघता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब," ती म्हणाली, "गवताले इचाराची बाटली तुमच्या पिशवीत होती ना त्या दिवशी?"

"होती बाई."

"मंग पयले मले काऊन इचारलं?"

एवढं बोलून ती धुऱ्यावर उतरली आणि गवत कापू लागली. मी बाटलीचं बूच लावत उभा राहिलो.